बापू मेस्त्रीने बुजवलेली सहा भोकं

बापू मेस्त्री त्या शुक्रवारबद्दल आपणहून कधी बोलत नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर आधी उजवा हात पुढे करून दाखवतो. बोटं बारीक थरथरत असतात. एकोणीस वर्षं कुवेतच्या उन्हात रंधा मारलेली, डोळे मिटून खिळा सरळ ठोकणारी ही बोटं. त्या दुपारपासून ती अशी झाली आहेत आणि कुठल्याही तेलाने, कुठल्याही गोळीने ती थांबत नाहीत.

माणूस तसा साधा. कुडाळकडचा सुतार, बायको-मुलं गावी, हा इथे जहऱ्याच्या एका खोलीत तिघांबरोबर. गाड्यांच्या आतलं लाकूडकाम तो ज्या गॅरेजात करतो, ते खोलीपासून पंधरा मिनिटं पायी. व्यसन म्हणाल तर चहाचं, आणि दुसरं स्वतःच्या कामाच्या कौतुकाचं. दार बसवलं की उभा राहून बघणार, बाजूने बघणार, वाकून बघणार, आणि शेवटी कुणी विचारो न विचारो, सांगणार, "मुंगी शिराची नाय." मुंगी शिरायची नाही. गॅरेजचा फोरमन हारून केरळचा, त्याला मराठीतलं हे एकच वाक्य येतं, इतक्या वेळा त्याने ते ऐकलंय.

यात बापूचाही दोष नाही म्हणा. कोकणातल्या सुताराला लहानपणापासून एकच वैरी दाखवलेला असतो: फट. फटीतून पाणी येतं, वाळवी येते, गोम येते, आणि एखाद्या वर्षी सापाचं पिल्लूही येतं. बापूचे वडील बसवलेल्या दरवाजावर दिवा धरून फट शोधायचे आणि सापडली तर मुलाच्या पाठीत धपाटा घालायचे. कुवेतला पाऊस नाही, पण धूळ आहे. ती तर पाण्याच्याही वरताण; बंद डब्यातल्या साखरेत सापडते. मग बापूला फट दिसली आणि त्याने ती तशीच ठेवली, असं होणारच कसं?

गेल्या थंडीच्या तोंडावर गॅरेजात एक घरगाडी आली. म्हणजे चाकांवरचं घरच ते: पुढे ड्रायव्हरची जागा, मागे ओटा, पलंग, कपाटं, संडास. कुठल्याशा थंड देशातून जुनी विकत आणलेली. मालक यूसुफ, सबाह अल-सालेमला राहणारा, सरकारी नोकरीतला शांत माणूस. इथले लोक थंडीत वाळवंटात तंबू ठोकतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. यूसुफचा बेत त्याहून मोठा होता. सौदीतून सरळ तबूकच्या डोंगरांपर्यंत जायचं, तीन आठवडे गाडीतच राहायचं, वाटेल तिथे मुक्काम करायचा. त्या डोंगरांवर एखाद्या वर्षी बर्फ पडतं. यूसुफच्या आईला, सफियाला, मरण्याआधी बर्फ बघायचं होतं. सत्तरी उलटलेली बाई, पण तिने हे एकदा म्हटलं आणि मुलाने गाडीच विकत घेतली.

आतलं सगळं लाकूडकाम बापूकडे आलं. पहिल्याच आठवड्यात सफिया स्वतः गॅरेजात हजर. काळ्या अबायात, हातात काठी, आणि तोंडात अस्खलित नसली तरी खणखणीत हिंदी. तिचे वडील मुंबईशी खजुराचा व्यापार करायचे, घरात हिंदी गाणी वाजायची, तिथून ती शिकलेली. बापू तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागला. तिने त्याला आपल्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप घ्यायला लावलं, पलंग तेवढ्याच उंचीचा हवा म्हणून. गुडघे दुखतात, उंच पलंगावर चढवत नाही. आणि जाताना काठी रोखून बजावलं की बाकी काही कर, पण मला वारा लागता कामा नये. कानात वारा गेला की माझं डोकं चार दिवस धरतं. बापूने छातीवर हात ठेवला.

झालं, बापूला चेवच आला. त्याने त्या गाडीतली फट अन् फट शोधली. खिडक्यांना नवीन रबर, दाराला दुहेरी पट्टी, छतावरच्या झाकणाला आतून जाड फेल्ट. मग तळाला अंथरलेलं लिनोलियम उचललं आणि त्याला भोकं दिसली. चार तळाला आणि दोन कपाटांमागे भिंतीत, अगदी खाली. वाटीच्या तोंडाएवढी गोल, वर गंजकी जाळी. एकाच्या शेजारी परक्या भाषेत काहीतरी छापलेला पिवळा कागद चिकटवलेला. बापूने तो वाचायचा प्रयत्नही केला नाही, आणि केला असता तरी कळला नसता. जुन्या मालकाने कसल्याशा नळ्या काढून नेल्या आणि भोकं तशीच सोडली, असं त्याने ठरवून टाकलं. त्याला त्या मालकाचा रागच आला. असा कसा माणूस, गाडीला सहा भोकं आणि त्यातून थंडीत निजतो? पटाशीने त्याने तो पिवळा कागद खरवडून काढला.

मग सागाची सहा बुचं कातली. प्रत्येक भोकाच्या मापाचं वेगळं. गोंद लावायचा, बूच ठोकायचं, कडांना सिलिकॉन भरायचं, वर लिनोलियम. पाच झाली. सहावं भोक नेमकं सफियाच्या पलंगाखाली, उशाकडच्या कोपऱ्यात. बापू पोटावर सरपटत आत गेला होता, बूच हातात होतं, तेवढ्यात बाहेरून काठीचा आवाज आला.

सफिया आली होती. बरोबर केवढं तरी पातेलं, आत मटणाचा मसालेभात, माणसं सगळी जेवतील एवढा. बापूने पलंगाखालूनच सांगितलं की दोन मिनिटं, एवढं करून येतो. तिने पलंगावर काठी आपटली.

"काम पळून जात नाही. भात थंड होतो. आधी जेव."

मोठ्या बाईचा शब्द. बापूने बूच तसंच कोरडं भोकात दाबलं आणि बाहेर आला. पोटभर जेवला. जेवणावर चहा झाला, चहावर खालाच्या गप्पा झाल्या, मग हारूनने दुसऱ्या गाडीच्या दारासाठी हाक मारली. सहाव्या बुचाला गोंद राहिला, त्या कोपऱ्यातलं लिनोलियमही दुमडलेलंच राहिलं, हे त्याच्या मनातून साफ उतरलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल.

काम संपलं त्या दिवशी बापूने त्याचा नेम पाळला. लाकूडकाम पुरं झालं की तो आत उदबत्ती लावतो, हात जोडतो आणि ज्याने हे लाकूड दिलं त्या झाडाची माफी मागतो, वडिलांची पद्धत. घरगाडीचं दार लावून घेऊन तो पाच मिनिटं आत बसला. एरवी उदबत्तीचा धूर इकडेतिकडे हलतो, कुठूनतरी बाहेर निघतो. इथे तो हललाच नाही. छताखाली पसरला, खाली उतरला, आणि बापूच्या डोक्याभोवती तसाच उभा राहिला. बापूच्या डोळ्यांत पाणी आलं, धुराने आणि अभिमानाने. त्याने दार उघडून हारूनला बोलावलं, आतला धूर दाखवला आणि म्हणाला, मुंगी तर सोड, धूरसुद्धा बाहेर जात नाही. हारूननेही मान डोलावली. दोघांपैकी एकालाही काही वाटलं नाही.

गाडी सबाह अल-सालेमला गेली. गॅसचं काम गॅरेजचं नव्हतं. ते यूसुफने घरी दुसऱ्याच माणसाकडून करून घेतलं. त्याने नळी जोडली, हीटर लावला, पेटवून दाखवला आणि गेला. गुरुवारी यूसुफचा फोन आला की हीटर लागला, आत भट्टीसारखं गरम होतं, उस्ताद, तुझे हात सलामत राहोत. शनिवारी पहाटे निघणार होते. बापू खूश. त्याने त्या आनंदात खोलीतल्या तिघांना चहा पाजला.

आता तो शुक्रवार.

प्रभा ही बापूच्या वाडीतलीच, चुलतभावाची मुलगी. जाब्रियाला एका हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा-मुलासह तिथेच राहते. महिन्यातून एका शुक्रवारी काकाला जेवायला बोलावते. त्या दिवशी तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं, सोलकढी होती, आणि बापू भाताचा डोंगर करून बसला होता. प्रभाचे मात्र डोळे लाल. रात्रपाळी करून आलेली. नवऱ्याने विचारलं तेव्हा तिने थोडक्यात सांगितलं. वाळवंटातल्या तंबूतून एक जोडपं आणलं होतं. थंडी म्हणून तंबूची दारं घट्ट लावून आत शेगडी ठेवून निजलेले. बाई वाचली. तिला अजून सांगितलेलं नाही की नवरा नाही वाचला.

बापूने सहज विचारल्यासारखं विचारलं, धुराने गुदमरले काय गो? प्रभा म्हणाली, धूर कसला, धूर असता तर उठले असते.

"दिसाक नाय, वास नाय. कोळसो असो नायतर ग्यास असो, बंद खोलयेत हवा खाऊन टाकता. माणूस निजता, तो उठणा नाय," ती म्हणाली, आणि पुढे म्हणाली की म्हणूनच असल्या जागी खाली-वर भोकं ठेवतात, ती बुजवायची नसतात.

बापूच्या हातातला घास ताटात पडला.

त्याला काही ऐकू येईना. डोळ्यांपुढे फक्त तो उदबत्तीचा धूर, डोक्याभोवती तसाच उभा राहिलेला. तो धूर त्याला काय सांगत होता, आणि हा मूर्ख हात जोडून बसला होता. सहा भोकं. त्याने स्वतःच्या हातांनी सहा बुचं कातली. तो कागद, तो पिवळा कागद त्याने पटाशीने खरवडला. बापू उठला, तसाच, उष्ट्या हाताने.

"काका, ताट टाकून खंय चललास?" प्रभा घाबरून म्हणाली.

बापूने डाव्या हाताने फोन काढला. यूसुफचा नंबर लावताना तीनदा चुकला, शेवटी प्रभाच्या नवऱ्याने फोन हातातून घेऊन लावून दिला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही. परत लावला. शुक्रवारची दुपार, नमाज झालेली, जेवणं झालेली. त्या वेळी हे अख्खं शहर झोपलेलं असतं. तिसऱ्यांदा यूसुफचा झोपाळलेला आवाज आला. बापूने विचारलं, गाडीत कुणी आहे का? यूसुफ हसला. म्हणाला, आई आहे ना. तिने हट्टच धरला, उद्यापासून तिथेच निजायचंय तर आज पलंग बघू दे. जेवल्यावर हीटर लावून झोपली आहे. दोन तास झाले, अगदी गाढ. तुझा पलंग तिला फार आवडला.

दोन तास.

बापूची एकोणीस वर्षांची अरबी त्या क्षणी गेली कुठे कोण जाणे. हिंदी गेली. त्याच्या तोंडून मालवणीच येत होती आणि पलीकडे यूसुफ काय, काय, असं विचारत होता. शेवटी कुठूनतरी दोन शब्द सापडले.

"इफ्तह बाब!" बापू ओरडला. "बाब इफ्तह, यूसुफ!" दार उघड.

त्या ओरडण्यात काहीतरी असणार, कारण यूसुफने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. फोन खिशात टाकल्याचा आवाज आला, मग अनवाणी पावलं, फाटक, मग दारावर थापा. यूसुफ आईला हाका मारत होता. दार उघडत नव्हतं. आतून कडी होती. ती कडीही बापूनेच बसवलेली, वाळवंटातल्या वाऱ्याने उघडू नये म्हणून चांगली दीड बोट जाडीची. बापू फोन कानाशी धरून भिंतीला टेकून खाली बसला. काच फुटल्याचा आवाज आला. मग एका बाईची किंकाळी, यूसुफच्या बायकोची असावी. मग फोन बंद पडला.

लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकते. बापूची सरकली नाही. ती तिथेच होती, गार, फरशीची, आणि आपण तिच्यावर बसलोय आणि आपण माणूस मारला, एवढंच त्याला कळत होतं.

प्रभाने मात्र डोकं शाबूत ठेवलं. तिने काकाकडून नाव-पत्ता काढून घेतला आणि हॉस्पिटलात फोन केला. तासाभराने उलटा फोन आला की अशी एक म्हातारी तिच्याच हॉस्पिटलात आणलीय, जिवंत आहे, शुद्ध नाही. ती काकाला घेऊन निघाली. टॅक्सीत बापूने हारूनला फोन करून सगळं सांगितलं. हारून हलक्या आवाजात म्हणाला की तू फोन केलास एवढंच त्यांना ठाऊक आहे. बुचांचं कुणाला ठाऊक नाही, ती लिनोलियमखाली आणि कपाटांमागे आहेत. गप्प राहा बापू. तुझी पोरं शिकतायत.

व्हरांड्यात यूसुफ उभा होता. पायात चपला नव्हत्या, हाताला काचेने कापलेलं. बापूला बघितलं आणि त्याने धावत येऊन त्याला मिठीच मारली, त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आई श्वास घेतेय म्हणाला. डॉक्टर म्हणतात अजून अर्धा तास गेला असता तर संपलं होतं. अल्लाने तुझ्या तोंडून मला उठवलं, उस्ताद. पण तुला कसं कळलं?

बापू सांगतो, तेवढं सोपं खोटं आयुष्यात कधी समोर आलं नव्हतं. बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. पण त्या माणसाचे ओठ अजून कपाळावर ओले होते.

"भोकं मी बुजवली," बापू म्हणाला. "हवेची होती. मला कळलं नाही. सहाच्या सहा मीच बुजवली."

यूसुफचे हात बापूच्या खांद्यांवर होते. ते तिथून हळूहळू खाली आले. त्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. नुसता बघत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा, आणि मग वळून आत गेला. बापू म्हणतो, कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

चार दिवस काही नाही. बापू कामावर गेला, पण हातात करवत धरवेना. हारून त्याच्याशी बोलेना. प्रभाकडून तेवढं कळायचं: खाला शुद्धीवर आली, बोलली, घरी गेली. बापूने कपाटावरची बॅग काढली आणि कपडे भरून ठेवले. पोलीस येतील, नाहीतर विमानतळावर नेतील. काहीही झालं तरी तयार असावं. बायकोला त्याने काही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी यूसुफचा फोन आला. एकच वाक्य बोलला: हत्यारं घेऊन ये.

सबाह अल-सालेमच्या त्या घरासमोर गाडी उभी होती, फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावलेला. अंगणात उन्हात खुर्ची टाकून सफिया बसली होती, अंगाभोवती शाल. चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले. बापूने जाऊन तिच्या पायांना हात लावला. इथे असं करत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं, पण हात थांबला नाही. तिने पाय मागे घेतले आणि काठीने गाडीकडे दाखवलं. म्हणाली, माझ्यासमोर उघड. सगळी.

बापू आत गेला. यूसुफ दारात उभा राहिला. लिनोलियम उचललं. पहिलं बूच पटाशीने निघेना, इतकं पक्कं बसलेलं. शेवटी तोडावं लागलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं. एकेक तुकडा तो बाहेर आणून सफियाच्या पायाशी ठेवत होता आणि ती मोजत होती.

सहाव्यासाठी तो पलंगाखाली पोटावर सरपटला, टॉर्च पेटवली. उशाच्या कोपऱ्यात भोक मोकळं होतं. त्यातून खालची अंगणातली फरशी दिसत होती, उन्हाचा एक कवडसा वर येत होता, आणि थंड वारा सरळ बापूच्या तोंडावर आला. बूच बाजूला पडलं होतं, कोरडं, गोंदाचा थेंबही न लागलेलं. गॅरेजातून इथवर येताना गाडीच्या हादऱ्याने निसटलेलं.

बापू तिथेच पडून राहिला. बाहेरून यूसुफने विचारलं काय झालं, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की हे उघडंच आहे. डॉक्टर काय म्हणाले होते ते यूसुफनेच मग सांगितलं: दोन तास त्या हवेत या वयाची बाई जगायला नको होती, तिच्या डोक्याशी कुठूनतरी वारा येत असणार. घरात कुणालाच ते पटलं नव्हतं, कारण सहाच्या सहा बुजवल्याचं बापू स्वतःच सांगून गेला होता.

बापू बाहेर आला. कपड्यांना धूळ, डोळ्यांतून पाणी वाहतंय. त्याने ते कोरडं बूच सफियाच्या हातात दिलं आणि त्या दिवशी काय झालं ते सांगितलं. की मी बूच लावतच होतो. की तुम्ही भात घेऊन आलात. की मी म्हटलं दोन मिनिटं, आणि तुम्ही काठी आपटली.

सफिया ते बूच हातात फिरवत बसली. यूसुफने तोंड दुसरीकडे केलं. मग ती खुर्चीतून वळली आणि घराकडे बघून सुनेला हाक मारली, या माणसासाठी ताट वाढून आण म्हणून. बापू घाईघाईने म्हणाला, खाला, छताचं झाकण अजून राहिलंय, त्याचं फेल्ट काढायचंय, ते आधी करतो.

"आधी जेव," सफिया म्हणाली.

ताट आलं. बापू अंगणातच मांडी घालून बसला, उजवा हात थरथरत होता, भात बोटांतून सांडत होता. त्याने सगळं ताट संपवलं.